खांद्याला खांदा

तुमच्या शेजारची बाई आता मैदानाकडे बघत नाहीये. हिरव्या-सोनेरी मफलरमध्ये तिनं तोंड खुपसलंय आणि मान वर न करता एकच विचारतेय : गेला का? गेला का?

गेला, तुम्ही सांगता. आडव्या दांडीच्या वरून गेला. खांबाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटातल्या पंचानं पांढरा झेंडा वर केलाय.

तारीख 24 जुलै 2022. डब्लिनचं क्रोक पार्क, गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड फायनल. थोड्या वेळापूर्वी केरी आणि गॉलवे 16-16 असे बरोबरीत होते. त्यानंतरचे चारही पॉइंट केरीचे. शिट्टी वाजते तेव्हा फलकावर 0-20 आणि 0-16 आहे. डेव्हिड क्लिफर्ड नावाच्या पोरानं एकट्यानं आठ पॉइंट घेतलेत. शेजारची बाई आता तुम्हाला मिठी मारून रडतेय. तुमची ओळखसुद्धा नाही, पण आज केरीचा कुणीही कुणालाही परका नाही. आठ वर्षांनी सॅम मग्वायर करंडक घरी चाललाय. केरीचं हे 38वं विजेतेपद.

तुम्ही मात्र आलात ते या संघात नसलेल्या एका माणसासाठी. आठ वर्षांपूर्वी केरीला मागचा करंडक मिळाला त्या उन्हाळ्यात तो आयर्लंडमधला सर्वोत्तम खेळाडू होता. खेळाडूंनीच मतं देऊन त्याला वर्षाचा फुटबॉलपटू ठरवलं होतं. आजच्या विजयाआधी जेमतेम सहा महिने त्यानं केरीचा शर्ट उतरवून ठेवला. नाव जेम्स ओ'डोनाहू. वय तिशी नुकतीच ओलांडलेली.

त्याला बघायचं असेल तर आपल्याला मागे जावं लागेल. दुखापतीची गोष्ट पुढच्या दिशेनं सांगितली की ती उताराचीच होते, आणि ऐकणारा शेवटी हळहळ करून उठतो. मला ती हळहळ नको आहे. या माणसाचं जे होऊ शकलं नाही त्यावर आयर्लंडमध्ये पुष्कळ बोलून झालंय. उलट चालत गेलं तर एकेक व्रण फिका होत जातो, सांधे जागेवर बसतात, पोटरीतला ताण सुटतो. आपण तसंच जाऊ.

निघण्याआधी एवढं लक्षात घ्या. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, आपण बघणार त्या वर्षांत त्याचा नेहमी एकच. म्हणून स्कोअर दोन आकड्यांत लिहितात. 2-6 म्हणजे दोन गोल, सहा पॉइंट, एकूण बारा. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांच्या पलीकडे तसाच नेता येत नाही. टप्पा मारायचा, नाहीतर धावता धावता पायाच्या बोटांवर सोडून पुन्हा हातात उडवून घ्यायचा. आणि अंगाला अंग भिडवायची परवानगी एकाच प्रकारे आहे : बाजूनं, खांद्याला खांदा. आपल्याकडे हे शब्द सोबतीसाठी वापरतात. इथे तो धक्का असतो, आणि नियमात बसणारा असतो.

डोळे मिटा.

उघडता तेव्हा थंडी आहे. जानेवारी 2022, किलार्नी. उन्हाळ्यात पर्यटकांना तळ्यांकडे नेणारे टांगे आता रस्त्यात दिसत नाहीत. पश्चिमेला आयर्लंडचे सर्वांत उंच डोंगर आहेत, पण आज ते ढगात आहेत आणि तुम्हाला केवळ त्यांच्या पायथ्याचा काळपट हिरवा रंग दिसतो. तुम्ही चढ चढून फिट्झगेराल्ड स्टेडियमकडे जाता. 1936 मध्ये हे मैदान सुरू झालं. डोंगराच्या बाजूला उतार कापून बसायच्या पायऱ्या केल्या, आणि त्या कामात शेजारच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांनीही हात लावला. मैदानाला ज्या डिक फिट्झगेराल्डचं नाव आहे, त्यानं 1914 मध्येच हा खेळ कसा खेळावा याचं पुस्तक लिहून ठेवलं होतं. या गावात फुटबॉल किती मुरलेला आहे ते यावरून कळावं.

बातमी याच हिवाळ्यातली. ओ'डोनाहू आता केरीकडून खेळणार नाही.

या बातमीत 'निवृत्ती' हा शब्द आहे आणि तो तुम्हाला फसवेल. निवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोकरी येते, शेवटचा पगार येतो, शाल-श्रीफळ येतं. इथे पगार कधी नव्हताच. गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात झाली, आणि 80 हजारांच्या गर्दीपुढे खेळणारा माणूसही तेव्हापासून आजतागायत हौशीच आहे. सोमवारी तो शाळेत शिकवायला जातो, बँकेत बसतो, पोलिसाचा गणवेश चढवतो. प्रवासखर्च मिळतो, खेळाडूंसाठी सरकारचं छोटं अनुदान असतं, पण पोट त्यावर भरत नाही. आणि संघ विकतही घेत नाही कुणी. जिथे वाढलात त्या गावचा क्लब तुमचा, आणि तो क्लब ज्या काउंटीत आहे ती काउंटी तुमची. केरीत जमलं नाही म्हणून दुसरीकडे चांगल्या डॉक्टरांच्या, चांगल्या पैशांच्या संघात जाऊ, असा रस्ता इथल्या खेळाडूपुढे नसतो. त्याच्या दुखऱ्या शरीराला एकच शर्ट ठाऊक असतो.

म्हणून हा शर्ट उतरवताना जाते ती ओळख. आणि उरतो तो क्लब. ओ'डोनाहूचा क्लब किलार्नी लीजन. त्याच गावात, हाकेच्या अंतरावर म्हणावं असा दुसरा क्लब आहे डॉ. क्रोक्स, करंडकांनी भरलेला. लीजनच्या वाट्याला तसं ऐश्वर्य आलं नाही. 2015 मध्ये केरीच्या स्पर्धेत ते फायनलपर्यंत पोहोचले, सामना बरोबरीत सुटला, फेरसामन्यात साउथ केरीकडून हरले. लीजनचं नाव विसरू नका, आणि डॉ. क्रोक्सचंही. शेवटच्या मुक्कामाला दोन्ही लागतील.

आता भरभर मागे. 2021, 2020, 2019. या वर्षांत फार थांबू नका, थांबण्यासारखं त्यात कमी आहे आणि जे आहे ते सारखंच आहे. पोटरी. हॅमस्ट्रिंग. परत पोटरी. सराव सुरू होतो, वेग वाढतो, आणि एका साध्या धावेत मागून कुणीतरी खडा मारावा तशी पायात कळ येते. असा खेळाडू वळून बघतो. मागे कुणीच नसतं. ज्याला हे झालंय त्याला ती मागे वळलेली मान पुरेशी असते, पुढचं डॉक्टरनं सांगावं लागत नाही. मोठ्या मोडतोडीला निदान प्रतिष्ठा असते, लोक फुलं घेऊन येतात. स्नायूच्या दुखण्याला तीही नसते. तीन आठवडे, मग आणखी दोन, मग बघू. क्लिफर्डसारखी नवी पोरं वर येतात. डब्लिनचा संघ 2015 ते 2020 सलग सहा वर्षं जिंकत राहतो. केरीची माणसं रेडिओवर विचारत राहतात, जेम्स या रविवारी आहे का?

2016, 2015. इथे खांदा आहे.

या सांध्याला आपण शाळेत उखळीचा सांधा म्हणत होतो. नाव बरोबर आहे, पण खांद्याची उखळ फारच उथळ असते. म्हणून तर हात असा सगळीकडे फिरतो, पाठीमागे जातो, आभाळाकडे जातो. दंडाच्या हाडाचा गोल माथा त्या उथळ वाटीत टिकून राहतो तो काठावरच्या कूर्चेच्या कडीमुळे, अस्थिबंधांमुळे आणि भोवतीच्या स्नायूंमुळे. एकदा सांधा निखळला की ती कडी फाटते, अस्थिबंध सैल पडतात, आणि तरण्या माणसाचा खांदा पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते. शस्त्रक्रियेत फाटलेली कडी हाडाला पुन्हा शिवून बसवतात. त्यानंतर काही आठवडे हात झोळीत. मग लोलकासारखा हात हलवायचे व्यायाम, मग रबरी पट्टा, मग भिंत. कुणाला खांद्यानं धडक द्यायला कित्येक महिने. ओ'डोनाहूचा खांदा एकदा जाऊन भागलं नाही, शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली.

आणि मग विचार करा की हा खेळ त्याच्याकडून काय मागतो. तो कॉर्नर-फॉरवर्ड. गोलाजवळच्या कोपऱ्यातला माणूस. त्याला चेंडू मिळतो तेव्हा पाठ गोलाकडे असते, अंगाला चिकटून बचाववाला असतो, आणि वळायला एक क्षण असतो. तो क्षण खांद्यानं कमवावा लागतो. डावीकडे जातोय असं भासवायचं, धक्का घ्यायचा, धक्क्याचाच आधार करून उजवीकडे सुटायचं. पाय सगळ्यांना दिसतात, पण कॉर्नर-फॉरवर्डचं धैर्य खांद्यात असतं. डॉक्टर म्हणाले हाड बसलं, तरी पुढच्या धडकेला शरीर अर्धा क्षण आधीच आक्रसतं. तेवढ्यात बचाववाल्याचा हात चेंडूवर आलेला असतो.

एवढं पुरे. अजून मागे चला, आता सावकाश.

21 सप्टेंबर 2014, पुन्हा क्रोक पार्क. केरी विरुद्ध डोनेगॉल, फायनल. 82 हजारांहून जास्त माणसं. तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो मैदानावर आहे, धडधाकट आहे, आणि डोनेगॉलचा नील मगी त्याच्या सावलीत उभा आहे. मगी भला दणकट बचाववाला. आजूबाजूला मदतीला आणखी दोन हात कायम. सामना सुरू होऊन मिनिटभर होत नाही तोच पॉल गीनी केरीसाठी गोल मारतो. दुसऱ्या अर्ध्यात डोनेगॉलचा गोलकीपर चेंडू पुन्हा खेळात आणताना चुकतो, चेंडू थेट उंचापुऱ्या किअरन डोनाहीच्या हातात जातो आणि दुसरा गोल होतो. केरी 2-9, डोनेगॉल 0-12. करंडक केरीचा.

ओ'डोनाहूच्या नावापुढे एकही पॉइंट नाही.

वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशीची कमाई शून्य. पण मगीकडे बघत राहा. अख्खी दुपार तो एका माणसाला सोडून कुठे जात नाही. डोनेगॉलनं आपला सर्वांत खमका बचाववाला आणि मदतीचे ते हात, सगळं या एका कोपऱ्यात गाडून ठेवलंय. बाकीचं मैदान त्यामुळे किती मोकळं झालं, हे स्कोअरच्या फलकावर कुठल्या रकान्यात मांडणार?

आता तीन आठवडे मागे. इथे उतरून नीट बसा.

30 ऑगस्ट 2014, शनिवार. लिमरिकचं गेलिक ग्राउंड्स. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या डिक्क्या उघड्या आहेत, त्यात चहाचे थर्मास आणि हॅमची सँडविचेस. तुमच्यापुढे कागदी ताट सरकवलं जातं. केरीचे आहात की मेयोचे, असं विचारायच्या आधी. मग विचारलं जातं, आणि तुम्ही पाहुणे आहात असं सांगता, तेव्हा दोन्हीकडची माणसं आपापली बाजू समजावू लागतात.

मेयोच्या माणसांचं दुःख आधी ऐका, कारण ते जुनं आहे. 1951 नंतर त्यांनी हा करंडक पाहिलेला नाही. 2012 ची फायनल हरले, 2013 ची हरले. गेल्या रविवारी क्रोक पार्कमध्ये केरीविरुद्ध सेमीफायनल हातात आली होती. लाल कार्डमुळे चौदा माणसांवर खेळूनही शेवटच्या टप्प्यात पाच पॉइंटांनी पुढे होते. मग केरीनं डोनाहीला बाकावरून उठवून आत पाठवलं, उंच चेंडू त्याच्याकडे पडू लागले, ओ'डोनाहूनं गोल केला, आणि सामना 1-16, 1-16 असा सुटला. फेरसामना क्रोक पार्कलाच व्हायला हवा होता. पण आज तिथे अमेरिकन फुटबॉल आहे, पेन स्टेट आणि सेंट्रल फ्लोरिडा ही दोन अमेरिकी विद्यापीठं खेळतायत. आमच्याच घरातून आम्हाला बाहेर काढलं, आणि पाठवलं कुठे, तर केरीच्या अंगणात! मेयोचा एक म्हातारा हे सांगताना सँडविच हातात तसंच धरून राहतो. त्याचा राग मला पटतो. लिमरिक मन्स्टर प्रांतात, किलार्नीहून दोन तासांच्या आत. मेयोला ते परक्याचंच गाव.

आत साधारण 36 हजार माणसं आहेत, पण क्रोक पार्कसारखी ती दूरवर पसरलेली नाहीत. हे मैदान तुमच्या छातीशी येतं. बूट गवतावर घासल्याचा आवाज ऐकू येतो. खांद्यावर खांदा आपटला की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज होतो आणि पुढच्या रांगेतली माणसं स्वतःला लागल्यासारखं 'आ' करतात.

मेयो सुरुवातीपासून अंगावर येते. किलियन ओ'कॉनर गोल करतो, फ्री किक घेतो, केरी मागे पडत जाते. एका क्षणी अंतर सात पॉइंटांचं होतं. केरीच्या बाजूला शांतता पसरते. मेयोचा तो म्हातारा तुमच्या ओळीत थोडा पलीकडे आहे. त्याला हसू येतंय आणि तो ते दाबतोय. इतक्या वर्षांत त्यानं हे शिकून घेतलंय.

आता कोपऱ्याकडे बघा. चेंडूकडे नको, कोपऱ्याकडे. ओ'डोनाहू उभा नाहीच. तो दोन पावलं पुढे येतो, परत जातो, तिरका जातो, बचाववाल्याची मान वळली की दिशा बदलतो. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही हे चालू आहे. मधूनच डोनाही हवेत उंच उडून चेंडू काढतो, आणि तो खाली येण्याआधी ओ'डोनाहू त्याच्या बाजूनं धावायला लागलेला असतो. त्याला चेंडू कुठे येणार हे माहीत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो जिथे येऊ शकेल अशा तीन जागा त्याच्या मनात आहेत आणि तिन्हींकडे जाणारी एकच वाट त्यानं धरलीय.

तो चेंडू घेतो. धडक बसते. खांद्यावर.

तुम्ही नकळत पुढे झुकता, कारण तुम्ही भविष्यातून आला आहात. तुम्हाला झोळीतला हात माहीत आहे, रबरी पट्टा माहीत आहे. इथल्या 36 हजारांत ही धडक पाहून ज्याचा श्वास अडकला असे तुम्ही एकटेच. त्याला काहीच होत नाही. धक्क्यानं तो जरासा फिरतो, आणि ज्या बाजूला फिरला त्याच बाजूला निसटतो. पायाच्या एका झटक्यात चेंडू दांडीवरून पलीकडे. पांढरा झेंडा.

हे पुन्हा होतं, आणि पुन्हा. मग गोल, हिरवा झेंडा. सात पॉइंटांचं अंतर विरघळून जातं. सामन्यात वेडेपणाही पुष्कळ घडतो. मेयोच्याच दोन गड्यांची, ओ'कॉनर आणि एडन ओ'शे यांची, डोकी एकमेकांवर आदळतात आणि दोघंही भेलकांडतात. एक प्रेक्षक मैदानात घुसून रेफरीला धरतो. पण तुमचं लक्ष आता कुठे हलत नाही.

सत्तर मिनिटं संपत आली आणि बरोबरी. शेवटची संधी मेयोची. गोलकीपर रॉब हेनेली आपला गोल सोडून अख्खं मैदान चालत येतो, फार लांबच्या फ्री किकसाठी. ही गेली तर मेयो फायनलला. म्हातारा उभा राहिलाय. चेंडू उठतो, छान उठतो, आणि तोकडा पडतो.

जादा वेळ. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग. पाय जड झालेत, मोजे घोट्यावर आलेत. कोपऱ्यातला तो मात्र अजून तिरका धावतोय. केरी 3-16, मेयो 3-13. यातले ओ'डोनाहूचे 2-6, म्हणजे बारा. एका सेमीफायनलमध्ये, फेरसामन्यात, सात पॉइंटांनी मागे पडलेल्या संघासाठी बारा.

लोक मैदानात धावतात. हिरवा-सोनेरी लोंढा त्याला गिळून टाकतो. त्याच्या पाठीवर, खांद्यांवर शेकडो हात थोपटतायत आणि तो हसतोय. म्हातारा खाली बसलाय. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसता. बोलायला काही नाही. मेयोचे प्रशिक्षक जेम्स होरन आजच पद सोडतील, ते त्याला अजून माहीत नाही. बऱ्याच वेळानं तो मैदानाकडे हात करून मान हलवतो. त्यात राग नाही. सुतारानं दुसऱ्या सुतारानं केलेला सांधा बघून हलवावी तशी ती मान आहे.

तुम्हाला इथून निघावंसं वाटत नाही. मलाही. पण अजून दोन ठिकाणं आहेत.

6 जुलै 2014, कॉर्क. पार्क ई कीव्ह नावाचं जुनं काँक्रीटचं स्टेडियम. स्टँडखालचा बोगदा इतका अरुंद की सामना सुटल्यावर माणसं पाय न उचलता पुढे सरकतात, गर्दीच त्यांना नेते. आज मन्स्टरची फायनल, आणि या वास्तूतला शेवटचा सामना. यानंतर ती पाडून नवी बांधतील. केरीकडून यंदा कुणाला फार आशा नाही, कारण गूच नाही. गूच म्हणजे कॉलम कूपर, केरीचा दहा-बारा वर्षांचा आधार. फेब्रुवारीत पोर्टलीशला डॉ. क्रोक्सकडून क्लबचा सामना खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, वाटीही फुटली. गूचशिवाय केरी म्हणजे काय, असं सगळे विचारत होते. भार कुणाच्या खांद्यावर जाणार?

आज उत्तर मिळतं. केरी 0-24, कॉर्क 0-12. ओ'डोनाहूचे दहा पॉइंट. कॉर्कचा एकामागून एक माणूस त्याच्या अंगावर दिला जातो आणि हरून परत येतो. घरचे प्रेक्षक आधी चिडतात, मग गप्प होतात, आणि शेवटी शेवटी त्याच्याकडे चेंडू गेला की पुढे सरकून बसतात. आपल्या संघाची धुलाई होत असतानाही चांगलं ते डोळे भरून बघायचं, ही दानत मला कॉर्कच्या लोकांत फार आवडली. बोगद्यातून बाहेर ढकलले जाताना तुमच्या कानावर एकच नाव पडत राहतं. कुणी चांगल्या शब्दांत घेतं, कुणी शिवी देऊन.

आणि आता शेवटचा टप्पा. 1 सप्टेंबर 2013, रविवार, क्रोक पार्क. सेमीफायनल, डब्लिन विरुद्ध केरी.

तुम्हाला निकाल माहीत आहे. डब्लिन 3-18, केरी 3-11. शेवटच्या काही मिनिटांत डब्लिन सामना ओढून नेणार आहे. केरीच्या हाती आज काही लागणार नाही. पण अजून सामना नुकताच सुरू झालाय आणि निकाल तुमच्याशिवाय इथे कुणालाच ठाऊक नाही.

मधल्या जागेत कूपर आहे. लालसर केसांचा, किरकोळ अंगाचा. गुडघा शाबूत. आज त्याला गोलाजवळ न ठेवता मागे ओढून घेतलंय, म्हणजे सगळं मैदान त्याच्या समोर. पुढे ओ'डोनाहू आहे. दोन्ही खांदे उखळीत घट्ट, पोटऱ्यांना कसलीच आठवण नाही. एक डॉ. क्रोक्सचा, एक लीजनचा. क्लबच्या सामन्यात त्यांच्यात दयामाया नसते. आज दोघांच्या अंगावर एकच हिरवा-सोनेरी शर्ट आहे.

कूपरकडे चेंडू येतो. तो मान वर करतो. मान वर करायला इतका वेळ या खेळात कुणाला मिळत नाही, पण कूपरला मिळतो. ओ'डोनाहू धावायला लागलाय. तिरका, बचाववाल्याच्या पाठीमागून, जिथे अजून काहीच नाही अशा जागेकडे. कूपर त्या रिकाम्या जागेतच चेंडू घालतो.

खांबाशी पांढऱ्या कोटातला पंच खाली वाकलाय. त्याचा हात हिरव्या झेंड्याकडे जातोय.